नाशिकच्या घरात बेट्टासाठी छोटा प्लांटेड टँक: काच आणण्यापासून मासा सोडेपर्यंत

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात फायटर मासा बहुतेक वेळा बरणीत किंवा प्लास्टिकच्या ग्लासात ठेवलेला दिसतो. तेवढ्या पाण्यात तो जगतोय हे डोळ्यांसमोर असल्यामुळे घरी आणताना लोक सोबत एक गोल बाऊल आणि रंगीत खडे घेतात आणि काम झालं असं समजतात. हा मासा म्हणजे बेट्टा स्प्लेंडेन्स. मूळचा थायलंडचा, तिथल्या भातखाचरांतला, दलदलीतला आणि झाडाझुडपांनी भरलेल्या संथ पाण्यातला. 2019 मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो. त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो आणि ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यातही तग धरतो. बरणीत तो मरत नाही तो यामुळे. पण स्वतःच्याच विष्ठेतून तयार होणारा अमोनिया आणि रात्रीचा गारठा यांपासून हा अवयव त्याला वाचवू शकत नाही. बाऊलमधले फायटर थंडीत एका कोपऱ्यात तळाला बसून राहतात आणि काही आठवड्यांत जातात, त्यामागे बहुतेक वेळा हीच दोन कारणं असतात.

भातखाचरातलं पाणी उथळ असतं हे खरं, पण ते लांबवर पसरलेलं असतं. इगतपुरीकडे पावसाळ्यात गेलात तर बांधावर उभं राहून पाहा, दाट हिरवळ, कोमट स्थिर पाणी आणि तळाला कुजणारी पानं दिसतील. घरात आपल्याला याचीच छोटी आवृत्ती करायची आहे. क्रमही ठरलेला ठेवा. आधी टाकी, मग पाणी, मग झाडं, त्यानंतर चार ते सहा आठवडे थांबायचं आणि सगळ्यात शेवटी मासा. या क्रमावर मी अडून बसतो, कारण नवशिक्यांचे मासे जातात ते बहुधा या चार-सहा आठवड्यांची घाई केल्यामुळे.

टाकी केवढी आणि कुठे

एका बेट्टाला किमान 20 लिटर पाणी द्या. माझ्या मते 18 इंच लांब, 10 इंच रुंद आणि 12 इंच उंच हे माप सगळ्यात सोयीचं. काठोकाठ भरली तर यात सुमारे 35 लिटर पाणी बसतं, पण वाळूची जागा आणि वर सोडायची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात 25 लिटरच्या आसपास राहतं. उंच आणि अरुंद टाकी घेऊ नका. लांब पंखांच्या नराला दर थोड्या वेळाने हवेसाठी वर यावं लागतं, आणि खोल टाकीत तेवढ्याने तो दमतो.

दुकानदार मापाप्रमाणे 5 मिलिमीटर काचेची टाकी बनवून देतात. नवीन सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन दिवस, टाकीत पाणी भरू नका. नंतर ती अंगणात किंवा बाल्कनीत पाण्याने भरून एक रात्र ठेवा आणि सकाळी खाली वर्तमानपत्र ओलं झालंय का बघा. झाकण हवंच, कारण बेट्टा उडी मारतो. पाणी आणि झाकण यांच्यात दोन इंच जागा सोडा. तिथली कोमट, दमट हवाच तो घेणार आहे.

भरलेल्या टाकीचं वजन 45 किलोच्या घरात जातं. ग्रॅनाइटचा ओटा, लोखंडी स्टँड किंवा भक्कम लाकडी कपाट चालेल, प्लायवूडच्या हलक्या शोकेसवर ठेवू नका. खाली थर्माकोलची किंवा फोमची शीट घाला, म्हणजे पृष्ठभागातला बारीक उंचसखलपणा काचेवर येत नाही. पश्चिमेची खिडकी टाळा. मार्च ते मे या काळात तिथलं दुपारचं ऊन पाणी तापवतं आणि शेवाळही माजवतं. स्वयंपाकघरही नको. फोडणीचा धूर आणि तेलाचे कण पाण्यावर तवंग धरतात.

वाळू, माती, दगड, लाकूड

हा भाग नाशिककरांनी जरा सावकाश वाचावा, कारण आपल्याकडे या वस्तू फुकट किंवा स्वस्तात सहज मिळतात आणि त्यातल्या काही माशाच्या जिवावर येऊ शकतात.

तळाला 1 ते 2 मिलिमीटर दाण्याची नदीची वाळू उत्तम. बांधकामावर आता बहुतेक ठिकाणी क्रश सँड वापरतात. ती नको. ती दगड फोडून केलेली असते, कडा धारदार आणि भुकटी भरपूर. नदीची वाळू दोन चाळणींतून काढा, पिठासारखा भाग आणि मोठे खडे दोन्ही बाजूला करा, मग बादलीत हात घालून घोळून पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. दीड इंचाच्या थराला साधारण 7 किलो वाळू लागेल. मागच्या बाजूला थोडी जास्त आणि पुढे कमी असा उतार दिला की टाकी खोल दिसते.

वाळू आणि दगड दोन्हींची एक परीक्षा आधी घ्या. कोरड्या दगडावर व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाका आणि डोळा जवळ नेऊन बघा. बारीक बुडबुडे फसफसून आले तर त्यात चुन्याचा अंश आहे. असा दगड पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त करतो. आपला साधा काळा बेसाल्ट या परीक्षेत गप्प बसतो, म्हणून तो निर्धोक. पण आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये पांढरे-गुलाबी स्फटिक वाढलेले असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशा झिओलाइटचे थक्क करणारे नमुने पाहायला मिळतात. घरी शोभेला ठेवलेला असा तुकडा टाकीत घालायचा मोह होतो, तो आवरा. स्फटिकांची टोकं रेशमासारखे पंख फाडतात, आणि त्यांच्यात मिसळलेलं कॅल्साइट पाण्याचं जडपण वाढवतं.

माती हा वादाचा विषय आहे. तळाला चाळलेली माती आणि वर वाळू असा दुहेरी तळ करून झाडं फार सुरेख वाढतात. तरी पहिल्या टाकीला मी तो सुचवत नाही. नर्सरीतल्या तयार मातीत शेणखत, गांडूळखत असतं आणि पाण्याखाली त्यातून अमोनिया सुटत राहतो. शेतातली काळी माती भिजली की फुगते, आणि एक रोप उपटलं तरी सगळं पाणी गढूळ होतं. द्राक्षबागेतली माती तर हातही लावू नका. बागेवर वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण आणि तांब्याची इतर बुरशीनाशकं मारलेली असतात. तांबं जमिनीत साठून राहतं आणि मासे, गोगलगायी, कोळंबी सगळ्यांनाच घातक असतं. पहिल्या टाकीला स्वच्छ वाळू आणि मुळांशी खोचायच्या खताच्या गोळ्या, ज्यांना रूट टॅब म्हणतात, एवढं पुरेसं आहे. टाकीसाठीच बनवलेली दाणेदार माती, म्हणजे अ‍ॅक्वासॉइल, परवडत असेल तर जरूर घ्या, मात्र त्यातल्या काही पहिल्या आठवड्यांत अमोनिया सोडतात, म्हणून सुरुवातीला पाणी जास्त वेळा बदला.

हेच लाकडाला लागू. द्राक्षवेलीचं पीळदार खोड दिसायला देखणं असलं तरी त्यावरही फवारण्या झालेल्या असतात आणि ते पाण्यात लवकर कुजतं. दुकानातलं ड्रिफ्टवूड घ्या. ते उकळून काढा आणि बादलीत आठवडाभर भिजत ठेवा, रोज पाणी बदला. पाणी चहासारखं होईल. तो रंग टॅनिनचा आहे आणि बेट्टाला तो मानवतो. टाकीत घातल्यावर सुरुवातीला लाकडावर पांढरी, बुळबुळीत बुरशी येते. ती निरुपद्रवी असते, काही आठवड्यांत आपोआप जाते.

असाच टॅनिन देणारी देशी बदामाची पानं मात्र नाशिकमध्ये विकत घेण्याची गरज नाही. सोसायट्यांच्या आवारात आणि शाळांच्या मैदानांवर ही झाडं दिसतात, थंडी सरताना पानं लाल होऊन गळतात. गळलेली, पूर्ण वाळलेली, तपकिरी पानं घ्या. रहदारीच्या रस्त्याकडेची किंवा औषध फवारलेल्या बागेतली नकोत. धुऊन, उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवा. 25 लिटरला तळहाताएवढं एक पान पुरतं. ते पंधरा-वीस दिवसांत जाळीदार झालं की बदला.

पाणी

नाशिक शहराला पाणी मुख्यतः गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून येतं, शिवाय दारणा आणि मुकणे धरणांतूनही. ते शुद्ध करून क्लोरीन घालून आपल्या नळाला येतं. आपल्यासाठी सुरक्षित करणारा हाच क्लोरीन माशाचे कल्ले जाळतो आणि फिल्टरमधले उपयोगी जीवाणू मारतो. उघड्या बादलीत 24 तास पाणी ठेवलं तर साधा क्लोरीन उडून जातो. मी तरीही डिक्लोरिनेटरचे थेंब टाकतो, बाटलीवर लिहिलेल्या मापाने. विशेषतः दोन वेळी तर ते हवेतच. एक, पावसाळ्यात, धरणात गढूळ पाणी येतं तेव्हा तुरटी आणि क्लोरीनची मात्रा वाढलेली असू शकते. दोन, सोसायटीची टाकी धुतल्यावर. टाकी धुऊन ब्लीचिंग पावडर टाकली जाते आणि पुढचे दोन-तीन दिवस त्या पाण्याला उग्र वास येतो. त्या आठवड्यात पाणी बदलणं पुढे ढकललेलं बरं. टाकी धुण्याची सूचना लिफ्टपाशी लागली की आधीच एक बादली भरून ठेवा.

बोअरचं पाणी वापरत असाल तर गीझरच्या कॉइलवर किंवा नळाच्या तोंडावर पांढरा थर धरतो का ते पाहा. धरत असेल तर पाणी जड आहे. बेट्टा मध्यम जड पाण्यातही राहतो, फार जड असेल तर निम्मं आरओचं पाणी मिसळा. फक्त आरओचं पाणी कधीच नको. त्यात क्षार जवळजवळ नसतात, पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा, अचानक घसरू शकतो आणि झाडंही उपाशी राहतात. सोसायटीत सॉफ्टनर बसवलेला असेल तर शक्य झाल्यास त्याच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या, कारण सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. उन्हाळ्यात टँकर आला तर त्याचं पाणी कुठलं हे कळायला मार्ग नसतो. तेव्हा एका वेळी थोडंथोडंच बदला.

पीएच 6.5 ते 7.5 यांच्या दरम्यान असला की पुरे. एखादा आकडा गाठायला औषधं ओतत बसू नका. आज 6.8, उद्या 7.6 असा हेलकावा माशाला कायमच्या 7.6 पेक्षा जास्त त्रास देतो.

हीटर, फिल्टर, दिवा

पैसे कमी असतील तर शोभेच्या वस्तू सोडा, दिवा साधा घ्या, पण हीटर चांगला घ्या. बेट्टाला 24 ते 28 अंश सेल्सिअस पाणी लागतं, 26 हे उत्तम. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची रात्र 10 अंशांच्या खाली उतरते, निफाडकडे तर त्याहूनही खाली. घरातलं पाणी तेवढं गार होत नसलं तरी बेट्टाच्या गरजेपेक्षा ते कितीतरी खाली जातं. त्याचं खाणं मंदावतं, प्रतिकारशक्ती कमी होते आणि पांढऱ्या ठिपक्यांसारखे आजार अशाच वेळी पकडतात. 25 लिटरला थर्मोस्टॅटचा 50 वॅटचा हीटर पुरतो. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर दुसऱ्या टोकाला लावा.

हीटर चालू असताना त्याची काच पाण्याबाहेर येता कामा नये. पाणी बदलण्याआधी प्लग काढा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग पाणी उपसा. प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली एक झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत न जाता झोलाच्या तळाशी टपकेल. घरात आरसीसीबी किंवा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. पाणी आणि वीज एकत्र येतात तिथे ही काटकसर करू नये. थंडीच्या रात्री वीज गेली तर टाकीवर सोलापुरी चादर दोन घड्या करून पांघरा, काही तास उष्णता टिकून राहते.

उन्हाळ्यात उलट प्रश्न. नाशिकचा पारा 40 पर्यंत जातो. पाणी 30 च्या वर चढू लागलं तर झाकणाऐवजी जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर एक छोटा पंखा तिरका सोडा. बाष्पीभवनामुळे तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. पाणी झपाट्याने कमी होईल, ते रोज भरत चला. बर्फ टाकू नका.

फिल्टर स्पंजचाच घ्या, एअर पंपावर चालणारा. मोठ्या पंपाच्या प्रवाहात लांब पंखांचा नर पाचोळ्यासारखा फेकला जातो. नळीत बुडबुडे कमी-जास्त करायची चावी बसवा आणि पाण्याचा पृष्ठभाग नुसता थरथरेल एवढाच वेग ठेवा. नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह घालायला विसरू नका, नाहीतर वीज गेल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं. 8 ते 10 वॅटचा, 6500 केल्विनचा पांढरा एलईडी आपण निवडणार आहोत त्या झाडांना पुरतो. त्याला टायमर लावा आणि दिवसाला सहा-सात तासच चालू ठेवा. दिवसभर दिवा लावून ठेवला की काचा हिरव्या होतात.

झाडं

पहिल्या टाकीला कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर लागत नाही. अनुबियास नाना, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोरिन, वॉटर स्प्राइट, लिम्नोफिला आणि वर तरंगणारी थोडी साल्व्हिनिया एवढ्यावर टाकी भरगच्च होते. सुरुवातीलाच भरपूर लावा. चार काड्या लावून त्या वाढायची वाट बघत बसलात तर मोकळी जागा शेवाळ घेतं.

दुकानातली झाडं एकदम टाकीत घालू नका. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात 10 मिनिटं बुडवून स्वच्छ धुवा. गोगलगायीची अंडी आणि परजीवी बऱ्याच अंशी निघून जातात. कुंडीतल्या रोपांच्या मुळांभोवतीचा कापूस चिमट्याने सगळा काढा.

लावताना अनुबियास आणि जावा फर्न यांचं आडवं जाड खोड वाळूत गाडायचं नाही. गाडलं की ते काळं पडून सडतं. ते काळ्या दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधा. दोन-तीन महिन्यांत मुळं पकड घेतात, मग दोरा कापता येतो. अनुबियासचं एक रुंद पान पृष्ठभागाच्या खाली दोन इंचांवर येईल असं बसवा. बेट्टा त्यावर आडवा होऊन विसावतो, आणि हवा घ्यायला त्याला फार वर जावं लागत नाही. क्रिप्टोकोरिन वाळूत लावा, मुळापाशी रूट टॅब खोचा आणि पुढचे काही आठवडे काळीज घट्ट ठेवा. जागा बदलली की त्याची पानं पारदर्शक होतात, बोटाने धरली तर लगद्यासारखी सुटतात आणि सगळं रोप गेल्यासारखं वाटतं. ते उपटू नका. मेलेली पानं तेवढी कापा. मुळं जिवंत असतात आणि मधून हातभर नाही तरी बोटभर नवी, गडद पानं येतात, जी तुमच्या टाकीच्या पाण्याला सरावलेली असतात. लिम्नोफिलाच्या काड्या मागच्या बाजूला एकेक करून, दोन बोटं अंतर ठेवून चिमट्याने खोचा. जुडगा लावलात तर आतल्या काड्या खालून सडतात.

पाणी भरताना वाळूवर एक ताटली ठेवा आणि धार तिच्यावर सोडा. आधी निम्मं भरा, झाडं लावा, मग बाकीचं.

छाटलेली किंवा वाढून जास्त झालेली झाडं कचऱ्यात किंवा कुंडीच्या खतात टाका, नदीत किंवा नाल्यात अजिबात नाही. गोदावरीतल्या पाणवेली काढताना शहराची दरवर्षी किती दमछाक होते ते आपण बघतोच. साल्व्हिनियाही त्याच वेगाने पसरते.

थांबायचे चार ते सहा आठवडे

मासा मलमूत्र टाकतो, उरलेलं खाणं कुजतं, त्यातून अमोनिया होतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बरंच सौम्य असतं आणि झाडं शोषून घेतात. हे जीवाणू स्पंजवर, वाळूवर, काचेवर वस्ती करतात आणि वस्ती व्हायला वेळ लागतो. मासा नसताना ती होऊ द्यायची, एवढंच या काळातलं काम.

फिल्टर आणि हीटर चालू ठेवा. गार पाण्यात हे जीवाणू फार हळू वाढतात, म्हणून हिवाळ्यात मासा नसला तरी हीटर लागतोच. रोज माशाच्या खाण्याची एक छोटी चिमूट पाण्यात टाका. ती कुजून अमोनिया होईल. थेंबांचं टेस्ट किट घ्या. कागदी पट्ट्यांपेक्षा ते भरवशाचं असतं. दोन-तीन दिवसांआड अमोनिया आणि नायट्राइट तपासा आणि आकडे वहीत लिहा. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरताना नायट्राइट चढतो, शेवटी दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसू लागतं. खाणं टाकल्यानंतरही दोन्ही शून्यच राहत असतील आणि तसं आठवडाभर टिकलं तर टाकी तयार. झाडं दाट असतील तर अमोनिया फारसा चढलेला दिसणारही नाही, कारण ती तो आधीच खातात. तरीही चार आठवडे पूर्ण करा.

कुणाची निरोगी, जुनी टाकी चालू असेल तर त्यांच्या फिल्टरचा स्पंज त्यांच्याच टाकीच्या पाण्यात पिळून ते पाणी तुमच्या टाकीत ओता. तपकिरी, घाण दिसणारं ते पाणी म्हणजे तयार जीवाणू आहेत. काम निम्म्या वेळात होऊ शकतं. मात्र त्या टाकीत आजार नाही याची खात्री करा.

मधल्या काळात पाणी दुधाळ होईल, काचेवर तपकिरी थर येईल. दोन्ही ओसरतात. घाबरून सगळं पाणी फेकून टाकी घासलीत तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. मला विचाराल तर नवीन टाकीला ऑक्टोबर सगळ्यात चांगला. पाऊस संपून पाणी निवळलेलं असतं, थंडी अजून लांब असते आणि कडाक्याच्या गारठ्याआधी टाकी बसून गेलेली असते.

मासा

दुकानात बरण्यांची रांग समोर असेल तर सगळ्यात भडक रंगाच्या माशाकडे आधी बघू नका. बरणीजवळ बोट नेल्यावर कोण वळून बघतो, कोण गालफडं फुगवतो ते पाहा. पंख मिटलेले, कडा फाटलेल्या किंवा काळ्या पडलेल्या नकोत. अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके, कापसासारखे पुंजके, सोनेरी भुकटीसारखी झाक नको. वरून बघा. खवले उभे राहिलेले दिसले तर तो मासा वाचणं अवघड असतं. दुकानदाराला दोन गोळ्या टाकायला सांगा, खातो की नाही ते कळतं. लांब पंखांच्या हाफमूनपेक्षा आखूड पंखांचा प्लाकाट चपळ आणि काटक असतो, पहिल्यांदा पाळणाऱ्याला मी तोच सुचवेन.

टाकीत एकच. दोन नर एकमेकांना फाडतात, आणि एवढ्या जागेत मादीही नको. गप्पी नर त्याला दुसरा बेट्टा वाटू शकतो. सोबत हवीच असेल तर एखादी नेराइट गोगलगाय ठेवा.

मासा थंडीत आणत असाल तर पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून आणा. मोटारसायकलच्या हँडलला लटकवून नाही. घरी आल्यावर टाकीचा दिवा बंद करा, पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग दर पाच-सात मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचं पाणी पिशवीत घाला. अर्ध्या तासाने माशाला वाटीने उचलून टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. पहिल्या दिवशी खायला घालू नका.

खाणं आणि आठवड्याचं काम

बेट्टा मांसाहारी आहे. मुरमुरे, पोळीचे तुकडे, भात यांतलं काही नको. बेट्टासाठीच्या बारीक गोळ्या सकाळी दोन-तीन, संध्याकाळी दोन-तीन. आठवड्यातून एकदा-दोनदा फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) वितळवून द्या आणि एक दिवस उपास ठेवा. जिवंत ट्यूबिफेक्स (बारीक लाल किडे) गटाराच्या पाण्यात वाढलेले असू शकतात, टाळा. डासांच्या अळ्या त्याला प्रिय असल्या तरी त्यासाठी घरात पाणी साठवून ठेवू नका, डेंग्यू शेजाऱ्यांनाही होतो. घरात लहान मुलं असतील तर खाण्याचा डबा त्यांच्या हाताला येणार नाही असा ठेवा आणि दिवसाचं खाणं एका झाकणात मोजून त्यांना द्या. मुलांना माशाला भरवायचं असतं, तर तो आनंद त्यांना या मापात मिळू दे.

दर आठवड्याला 6 लिटर पाणी बदला, म्हणजे साधारण चौथा हिस्सा. सायफनच्या नळीने वाळूवरचा गाळ ओढून घ्या, झाडांच्या मुळांपाशी मात्र नळी खुपसू नका. निघालेलं पाणी कुंड्यांना घाला, गुलाब खूश होतात. नवीन पाणी टाकीइतकंच कोमट करून ओता. थंडीत नळाचं गार पाणी थेट ओतणं हा माशाला बसणारा मोठा धक्का असतो. पातेल्यात थोडं पाणी तापवून बादलीत मिसळा आणि थर्मामीटर बुडवून बघा. स्पंज महिन्यातून एकदा, काढलेल्या टाकीच्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने जीवाणू मरतात आणि आठवड्याभरात अमोनिया परत दिसू लागतो.

मासा मलूल दिसला की औषधाच्या बाटलीकडे हात जाण्याआधी तापमान आणि अमोनिया बघा. पंखांच्या कडा झिजणं बहुतेक वेळा चांगल्या पाण्याने आणि बदामाच्या पानाने भरून येतं. रोज पाचवा हिस्सा पाणी बदला आणि दहा दिवस वाट पाहा. औषध द्यावंच लागलं तर माशाला हीटर लावलेल्या वेगळ्या डब्यात घ्या, कारण मीठ आणि तांब्याची औषधं झाडांना आणि गोगलगायींना सोसत नाहीत. नर पृष्ठभागावर फेसाचं घरटं करतो, ते तो वयात आल्याचं लक्षण आहे. घरटं केलं नाही म्हणून काळजी करू नका. नीट सांभाळलेला बेट्टा साधारण तीन वर्षं साथ देतो, काही त्याहून जास्त.

बाहेरगावी जायचं असेल तर चार-पाच दिवस निरोगी, मोठा बेट्टा उपाशी राहू शकतो. निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदला, पाण्याची पातळी भरा, टायमर आणि हीटर तपासा. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर शेजाऱ्यांकडे डबा देऊ नका. प्रत्येक दिवसाच्या तीन गोळ्या कागदाच्या पुडीत बांधा, पुडीवर वार लिहा आणि त्या पुड्याच त्यांच्या हातात द्या. थंडीचे दिवस असतील तर थर्मामीटर त्यांना दाखवून ठेवा, आणि 23 च्या खाली दिसला तर फोन करा म्हणून सांगा.